गुलाबी तुकडा, गोठलेला खिमा आणि मेहुण्याचा भरवसा

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात:

माझा मेहुणा रीतसर परवाना काढून शिकार करतो. यंदा त्याने आम्हाला रानडुकराचा खांदा, रानडुक्कर आणि हरीण यांचा एकत्र खिमा, हरणाच्या मांडीचे तुकडे आणि घरीच धूर देऊन वाळवलेल्या रानडुकराच्या मांसाच्या पट्ट्या दिल्या. दहा दिवसांपूर्वी त्याच्याकडे जेवायला गेलो होतो. निखाऱ्यावर भाजलेले रानडुकराचे तुकडे आतून गुलाबी होते. मी चार-पाच खाल्ले, पत्नीने दोन. ती चार महिन्यांची गरोदर आहे. मेहुणा म्हणतो, मांस तीन आठवडे फ्रीझरमध्ये होतं, त्यात काही जिवंत राहत नाही, आणि तो दहा वर्षं असंच खातोय. पण त्या डुकराच्या काळजावर, म्हणजे यकृतावर, पांढरे डाग होते, हेही बोलता बोलता त्यानेच सांगितलं. काळीज आणि फुप्फुसं त्याने कुत्र्यांना कच्चीच घातली, आमच्या कुत्र्यालाही. पत्नी म्हणते, सगळं फेकून द्या. मेहुण्याला दुखवायचं नाही आणि धोकाही नको आहे. काय करू?

सल्ला:

तुम्ही विचारलं आहे ते फ्रीझरमधल्या मांसाबद्दल. त्याची घाई नाही, ते आहे तिथे पडून राहील. घाई दहा दिवसांपूर्वीच्या जेवणाची आहे, आणि थोडी कुत्र्याची. म्हणून आधी जेवणाकडे येऊ.

रानडुकराच्या अर्धकच्च्या मांसात पहिली शंका घ्यायची ती ट्रायकिनेलाची. हा अगदी बारीक कृमी. त्याच्या अळ्या प्राण्याच्या स्नायूत गुंडाळी करून वर्षानुवर्षं जिवंत राहतात. ते मांस आपल्या पोटात गेलं की जठरातल्या पाचकरसाने अळ्या मोकळ्या होतात आणि लहान आतड्यात प्रौढ होतात. त्यांच्या माद्या अंडी न घालता थेट अळ्यांनाच जन्म देतात, आणि या नव्या अळ्या रक्तावाटे फिरून आपल्या स्नायूंत शिरतात. त्यामुळे आजार दोन टप्प्यांत येतो. पहिल्या एक-दोन दिवसांत मळमळ, पोटदुखी, जुलाब होतात. पुष्कळदा काहीच होत नाही. खरा त्रास बहुधा दोन आठवड्यांनंतर सुरू होतो, कधी आठ आठवड्यांपर्यंतही लांबतो: ताप, स्नायू ठणकणं, डोळ्यांभोवती आणि चेहऱ्यावर सूज, कमालीचा थकवा, अंगाला खाज. खूप अळ्या पोटात गेल्या असतील तर हृदयाच्या स्नायूला आणि मेंदूलाही इजा होऊ शकते. तेव्हा दहाव्या दिवशी तुम्ही दोघं ठणठणीत आहात हे चांगलंच आहे, पण त्यावरून निकाल लावता येणार नाही.

दोघांनीही लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा आणि पहिलं वाक्य हेच बोला: ‘अमुक तारखेला रानडुकराचं अर्धकच्चं मांस खाल्लं आहे.’ हे सांगितलं नाही तर पुढे येणारा ताप आणि अंगदुखी साध्या फ्लूच्या खात्यात जमा होण्याची दाट शक्यता असते. रक्ताच्या तपासणीत इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढल्यात का ते पाहिलं जातं. प्रतिपिंडांची (अँटीबॉडींची) चाचणीही असते, पण प्रतिपिंड दिसायला तीन आठवडे किंवा जास्त लागतात. आज ती निगेटिव्ह आली म्हणून फाइल बंद करू नका, पुन्हा कधी करायची ते विचारून घ्या. अल्बेंडाझोल किंवा मेबेंडाझोल ही औषधं कृमी आतड्यात असेपर्यंत चांगली लागू पडतात. अळ्या स्नायूंत जाऊन बसल्या की त्यांचा उपयोग कमी होतो. म्हणून लवकर जा म्हणतो. मात्र ही औषधं दुकानातून स्वतः आणून घेऊ नका, आणि गरोदर पत्नीला तर मुळीच देऊ नका. तिच्या बाबतीत औषध, मात्रा आणि वेळ हा सगळा निर्णय डॉक्टरांचा.

पत्नीसाठी दुसरी तपासणी लागेल, टॉक्सोप्लाझ्माची. हा एकपेशीय परजीवी रानडुक्कर, हरीण, अस्वल अशा अनेक प्राण्यांच्या मांसात सूक्ष्म पुटींच्या रूपात असतो. धडधाकट माणसाला त्याची बाधा झालेली बहुतेक वेळा कळतही नाही, फार तर मानेतल्या गाठी सुजतात. पण गरोदरपणात पहिल्यांदाच बाधा झाली तर परजीवी वारेतून बाळापर्यंत पोहोचू शकतो. रक्तात आयजीजी आणि आयजीएम अशा दोन प्रतिपिंडांची तपासणी करतात. फक्त आयजीजी पॉझिटिव्ह असेल तर बाधा बहुधा जुनी आहे, म्हणजे चिंता बरीच हलकी झाली. दोन्ही निगेटिव्ह असतील तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यावं लागेल. आयजीएम पॉझिटिव्ह आलं तर लगेच धसका घेऊ नका. ते कित्येक महिने रक्तात रेंगाळतं, म्हणून बाधा नवी की जुनी हे ठरवायला पुढची चाचणी करतात. बाधा नवी ठरली तरी उपचार आहेत, आणि ते वेळेवर सुरू होणं महत्त्वाचं.

पत्नीचं ‘सगळं फेका’ मला समजतं, पण आज फेकू नका. खांदा त्याच डुकराचा असेल तर ते पाकीट ‘खाऊ नये’ असं ठळक लिहून फ्रीझरमध्येच ठेवा. तुमच्यापैकी कुणी आजारी पडलंच तर प्रयोगशाळेला त्या मांसात अळ्या शोधता येतील, आणि त्याने निदान झटकन होतं.

आता मेहुण्याच्या तीन आठवड्यांकडे. हा आकडा त्याने हवेतून काढलेला नाही. १५ सेंटिमीटरहून कमी जाडीचं डुकराचं मांस उणे १५ अंश सेल्सिअसला २० दिवस ठेवलं की ट्रायकिनेला मरतो, हा नियम खरा आहे. पण तो पाळीव डुकराच्या मांसासाठी आहे. पाळीव डुकरात मुख्यतः ट्रायकिनेला स्पायरॅलिस ही जात आढळते आणि तिला थंडी सोसत नाही. रानातला मामला निराळा. थंड प्रदेशातल्या अस्वल, कोल्हा, लांडग्यात असणारी ट्रायकिनेला नेटिव्हा गोठण्याला दाद देत नाही. रानडुकरात सापडणारी ट्रायकिनेला ब्रिटोव्हीही स्पायरॅलिसपेक्षा थंडी जास्त सोसते. आणि तुमच्या डुकरात कोणती जात होती, किंबहुना होती की नाही, हे फ्रीझरला ठाऊक नसतं.

याचा धडधडीत पुरावा २०२२ मधला आहे. कॅनडातल्या सस्कॅचवानच्या उत्तर भागात मारलेल्या अस्वलाचं मांस ४५ दिवस घरच्या फ्रीझरमध्ये ठेवून अमेरिकेतल्या साउथ डकोटात एका कौटुंबिक मेळाव्यात भाजलं गेलं. मांस मुळातच इतकं गडद होतं की ते आत कच्चं राहिलंय हे आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. सहा जणांना ट्रायकिनोसिस, म्हणजे ट्रायकिनेलाचा आजार झाला. त्यांतल्या दोघांनी अस्वल खाल्लंच नव्हतं. त्यांनी खाल्ल्या होत्या त्याच मांसासोबत शिजलेल्या भाज्या. उरलेलं मांस तपासलं तेव्हा ११० दिवसांहून जास्त गोठूनही अळ्या हालचाल करत होत्या. भाजीवाल्या दोघांचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ‘मी मांसाचा तुकडा उचलला नाही, नुसता बटाटा खाल्ला’ हे संरक्षण नव्हे.

टॉक्सोप्लाझ्माच्या बाबतीत मात्र फ्रीझर बऱ्यापैकी कामाचा आहे. उणे १८ अंश किंवा त्याखाली काही दिवस ठेवल्याने धोका पुष्कळ कमी होतो. पुष्कळ कमी, शून्य नाही. गरोदर बाईच्या ताटासाठी एवढं पुरत नाही.

वाळवलेल्या पट्ट्यांबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही, म्हणजे त्या तुम्ही सुरक्षित धरून चालला आहात. तिथेच थांबा. मीठ, धूर आणि वाळवण या तिन्हींवर ट्रायकिनेला मारण्याच्या बाबतीत विसंबता येत नाही, आणि घरगुती पट्ट्या व सॉसेज ही बाधेची जुनी, नेहमीची वाट आहे. कारण सरळ आहे. वाळवणी यंत्र बहुधा ५५ ते ६० अंशांवर चालतं. ओल्या मांसातून पाणी उडत असताना ते मांस स्वतःला थंड ठेवतं, त्यामुळे यंत्रावरचा आकडा आणि मांसाच्या आतलं तापमान यांत बरंच अंतर पडतं. मांस गरम व्हायला लागतं तोवर ते वरून कडक झालेलं असतं. म्हणून क्रम उलटा हवा: पट्ट्या साधारण ६ मिलिमीटर जाडीच्या कापायच्या, मसाल्याच्या पाण्यात उकळून किंवा ओव्हनमध्ये आधी ७१ अंशांपर्यंत न्यायच्या, आणि मग वाळवायच्या. पोत थोडा बदलतो, लवकर तुटतात. चालेल.

पांढऱ्या डागांनी तुम्हाला धास्तावलं आहे, आणि इथे तुमचा अंदाज उलट्या बाजूला चुकतोय. डुकराच्या काळजावरचे पांढुरके, पसरट डाग बहुतेक वेळा मोठ्या गोलजंताच्या अळ्या काळजातून फिरून गेल्याच्या खुणा असतात. काळीज नीट शिजवलं तर त्यांनी अपाय होत नाही. शिकारीत डोळ्यांना किळसवाणं दिसणारं बरंच काही असंच असतं. हरणाच्या काळजात पानासारखा चपटा, काही सेंटिमीटर लांब, जांभळट-तपकिरी कृमी निघतो. तो माणसाला बाधत नाही. हरणाच्या घशात-नाकात वळवळणाऱ्या जाड अळ्या निघतात. त्या माशीच्या, मांसाशी संबंध नाही. रानबदकाच्या छातीत तांदळाच्या दाण्यांसारख्या रेषा दिसतात. तो सार्कोसिस्टिस हा परजीवी, दिसायला नकोसा, पण शिजवलेल्या मांसातून त्याने माणसाला अपाय झाल्याचं माहीत नाही. आणि ट्रायकिनेलाची अळी? नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. टॉक्सोप्लाझ्माची पुटीही नाही. मेहुणा ‘मांस किती स्वच्छ आहे बघ’ म्हणतो आणि तुम्ही ‘पण डाग होते’ म्हणता, तेव्हा दोघंही डोळ्यांवरच भरवसा ठेवताय.

एक अपवाद मात्र लक्षात असू द्या. काळजात, फुप्फुसात किंवा लसिकाग्रंथींत पिवळट, दह्यासारखा पू भरलेल्या गाठी दिसल्या तर तो क्षयासारखा जिवाणूंचा आजार असू शकतो. असा प्राणी खायचा नाही, आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवायचं.

‘दहा वर्षं काही झालं नाही’ याला काय उत्तर द्यायचं? पहिलं म्हणजे प्रत्येक डुकरात ट्रायकिनेला नसतो, बहुतेकांत नसतोच. दहा वर्षांत त्याला दहा निरोगी डुकरं मिळाली असतील, त्याने अकराव्याची हमी मिळत नाही. डुक्कर मेलेले प्राणी, उंदीर, शिकारीत टाकलेली आतडी, सगळं खातं, आणि ट्रायकिनेला मांस खाण्यातूनच पुढे जातो. हरीण गवत खातं, म्हणून त्याच्यात हा कृमी फार क्वचित. दुसरं म्हणजे सौम्य बाधा फ्लूसारखी येते आणि निदानाविना निघून जाते. दहा वर्षांत त्याला शिकारीच्या मोसमानंतर कधीच अंगदुखीचा ताप आला नाही का, हे सहज विचारून बघा. वाद घालायला नव्हे, खरंच कळून घ्यायला.

अंदाज संपवण्याचा खरा मार्ग प्रयोगशाळेचा. युरोपीय संघात विक्रीला येणाऱ्या रानडुकराची ट्रायकिनेलासाठी तपासणी सक्तीची आहे: श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा), जीभ किंवा पुढच्या पायाच्या स्नायूचे किमान ५ ग्रॅम मांस पेप्सिन आणि आम्लात पचवून गाळतात आणि उरलेल्या गाळात सूक्ष्मदर्शकाखाली अळ्या शोधतात. पुढच्या वेळी मेहुण्याला प्राणी सोलतानाच श्वासपटलाचा जाड भाग, साधारण ५० ग्रॅम, वेगळा काढून थंड ठेवायला सांगा. गोठवायचा नाही, कारण मेलेल्या अळ्या या तपासणीत निसटू शकतात. नमुना आणि मांस यांवर एकच क्रमांक लिहायचा आणि निकाल येईपर्यंत मांस वाटायचं नाही. जवळची पशुवैद्यकीय प्रयोगशाळा ही तपासणी करते का ते हंगामाआधीच विचारून ठेवावं. निकाल निगेटिव्ह आला तरी तो फक्त ट्रायकिनेलापुरता. टॉक्सोप्लाझ्मा त्यात कळत नाही, म्हणून शिजवणं सुटत नाही.

शिजवण्याचा आकडा एकच पाठ करा: ७१ अंश सेल्सिअस, तुकड्याच्या अगदी मध्यात. शिकारीच्या मांसाचा रंग मुळातच गडद असतो, भाजल्यावर वरून काळपट आणि आतून अजून कच्चं, असं सहज होतं. म्हणून रंग, रस, सुरीने टोचून बघणं, काहीच चालत नाही. टोकावर संवेदक असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या. तबकडीवाला थर्मामीटर पाच-सहा सेंटिमीटर आत गेल्याशिवाय नीट दाखवत नाही, त्यामुळे तो खांद्यासारख्या मोठ्या तुकड्यालाच ठीक. बर्फाच्या पाण्यात धरून शून्य दाखवतोय का ते आधी तपासा. मोठ्या तुकड्यात सर्वांत जाड जागी, हाडापासून दूर, दोन-तीन ठिकाणी टोचा. सळईवरच्या तुकड्यात बाजूने टोचा. कच्च्यात टोचलेलं टोक धुतल्याशिवाय पुन्हा टोचू नका. मायक्रोवेव्हवर विसंबू नका, तो एकाच तुकड्यात गरम आणि गार जागा ठेवतो. प्रेशर कुकरमध्ये पूर्ण मऊ होईतो शिजवलेल्या बेताच्या तुकड्यांची मला काळजी नाही. त्यातलं तापमान १०० अंशांच्याही वर जातं. निखाऱ्यावरची सळई हीच सर्वांत फसवी.

खिम्याचं वेगळं सांगतो. तुमच्याकडचा खिमा दोन प्राण्यांचा आहे, तेव्हा त्यातल्या हरणाला हरीण समजू नका; सगळा खिमा रानडुकराचाच धरा. यंत्रातून डुक्कर काढून मागोमाग हरीण काढलं असेल तर तो नुसता हरणाचा खिमाही त्याच हिशेबात. यंत्राच्या पात्या आणि जाळी सुट्या करून गरम साबणपाण्याने धुतल्याशिवाय प्राणी बदलायचा नाही. कच्च्या मांसाची पाटी आणि सुरी वेगळी. प्राणी सोलताना हातमोजे, कारण रानडुकरातून ब्रुसेला हा जिवाणू हातावरच्या चिरांतूनही शिरू शकतो.

हरणाच्या मांडीचे तुकडे स्वतंत्र कापून बांधलेले असतील तर तुम्ही स्वतः ते थोडे गुलाबी खाल्ले तर धोका डुकरापेक्षा कमी आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पत्नीला मात्र बाळंतपणापर्यंत ७१ अंशांखालचं काहीही नको. आणि ज्या प्रदेशात हरणांमध्ये सीडब्ल्यूडी हा प्रिऑनचा, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनाचा, आजार आहे तिथे तपासणीशिवाय हरीण खाऊ नये. तो परजीवी नाही आणि शिजवून नष्ट होत नाही. माणसाला झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण तपासणीत सापडलेला प्राणी खाऊ नये हाच अधिकृत सल्ला आहे.

कुत्र्याला याच आठवड्यात पशुवैद्याकडे न्या. डुक्कर, हरीण यांच्या फुप्फुसांत-काळजात कधी पाण्याने भरलेल्या पुटी असतात, एकिनोकॉकस या फीतकृमीच्या. त्या आपण खाल्ल्याने आपल्याला आजार होत नाही. कुत्र्याने कच्च्या खाल्ल्या तर त्याच्या आतड्यात काही मिलिमीटरचे प्रौढ कृमी तयार होतात, अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, केसांना लागतात, आणि हाताने आपल्या तोंडात जातात. मग माणसाच्या काळजात किंवा फुप्फुसात वर्षानुवर्षं सावकाश वाढणारी पुटी होते. कुत्र्यात अंडी पडायला साधारण दीड महिना लागतो, म्हणजे अजून वेळ आहे. औषध प्राझिक्वांटेल, नेहमीच्या जंताच्या प्रत्येक गोळीत ते असतंच असं नाही, त्यामुळे नाव घेऊन विचारा. रानडुकराच्या कच्च्या मांसातून कुत्र्याला औजेस्कीचा विषाणूही होऊ शकतो, आणि तो कुत्र्याला मारतोच. तेव्हा कच्चं आतडं-काळीज कुत्र्याला घालणं मेहुण्याकडेही बंद व्हायला हवं. उरलेले अवयव उघड्यावर टाकू नयेत, खोल पुरावेत, नाहीतर तेच खाऊन पुढचं डुक्कर तयार होतं.

मेहुण्याशी बोलताना मांस परत करू नका आणि त्याच्या शिकारीवर बोट ठेवू नका. गरोदर बाई त्याची बहीण आहे. डॉक्टरांनी तिच्या रक्ततपासण्या सांगितल्या आहेत आणि त्यासाठी त्या डुकराबद्दल माहिती हवी आहे, असं म्हणा. कुठे मारलं, कधी, त्या जेवणाला आणखी कोण होतं. ती माणसं तुमच्याइतकीच धोक्यात आहेत आणि त्यांना कळवणं त्यालाच सोपं जाईल. भेट म्हणून त्याला थर्मामीटर द्या. घेईल, आणि वापरेलही. खिमा तुम्ही ७१ अंशांना शिजवून निश्चिंत खा, खांद्याचं पाकीट दोन महिने तसंच ठेवा. पट्ट्या कोरड्या चघळू नका. फेकवत नसतील तर बारीक चिरून, पाण्यात मऊ होईपर्यंत खळखळ उकळून वापरा, आणि तोवर त्यांची पिशवी कुणी येता-जाता हात घालेल अशा जागी ठेवू नका.